बांधावरचा तरवड

आमच्या गावातून बार्शीच्या बाजाराला जायचं तर वाटेत करोडगिरीचा नाका लागायचा. करोडगिरी म्हणजे जकात. नाक्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. कुठलाही माल इकडून तिकडं नेला किंवा तिकडून इकडं आणला, की सरकारला पैसे मोजायचे. इंग्रज गेला, पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्यही गेलं, तरी नाका आणखी काही वर्षं होता तिथंच राहिला. आडवा बांबूचा वासा, एक झोपडी आणि झोपडीच्या सावलीला बसलेले शिपाई.

माझं माहेर येरमाळ्याच्या बाजूचं. तिकडं आत नाका नव्हता, म्हणून मला त्याची सवय नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासूबरोबर बार्शीला गेले. नवं लुगडं घेतलं. ते सासूनं तिथंच एका भिंतीच्या आडोशाला मला नेसवलं, वरून जुनं गुंडाळलं आणि नव्याच्या काठाला रस्त्यावरची माती चोळली. आमच्या गावच्या सगळ्या बायका असंच करायच्या. अंगावरच्या वापरलेल्या कापडाला जकात नव्हती. शिपायांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. एकानं मला वाशाजवळ उभं केलं आणि म्हणाला, "काय गं पोरी, उन्हाची थंडी वाजती का?" खोळंबलेले गाडीवाले हसले. मी मान खाली घालून उभी. सासूनं गाठोड्यातला गुळाचा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला, तेव्हा सोडलं. घरी येईपर्यंत मी सासूशी बोलले नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "लुगडं आलं का न्हाई घरी? मग झालं."

म्हणून नाका उठला तेव्हा मला बरं वाटलं. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही म्हातारी नाक्याची बाजू घेते. मी घेत नाही. नाका उठला आणि गिरणीचं लुगडं स्वस्त झालं, काड्यापेटी स्वस्त झाली, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, हलकी पातेली घरोघरी आली. मातीच्या मडक्यात आमटी करून करून माझा अर्धा जन्म फुटक्या मडक्यांवर ओरडा खाण्यात गेला असता, तो वाचला. ज्याला माल आणायचा त्यानं आणावा, न्यायचा त्यानं न्यावा, कुणी विचारायचं नाही, हे चांगलंच झालं.

फक्त एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. नाक्यानं माल यायचा जसा अडवला होता, तसा जायचाही अडवला होता. आमच्या गावातून कुणी काही न्यावं असं गावात काही आहे, हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आमचं गाव येडशीच्या डोंगराच्या अंगाला. रानं उताराची, खाली मुरूम, वर वीतभर माती. ती माती धरून ठेवायला बांध, आणि बांधावर तरवड. गुडघ्याच्या वर वाढणारं झुडूप, पावसाळ्याच्या शेवटी पिवळंधमक फुलतं. जनावर त्याला तोंड लावत नाही, म्हणून ते टिकतं. नवरात्रात घटावर आमच्याकडं तरवडाच्या फुलांची माळ लागते. बाकी त्याचा कुणाला उपयोग नव्हता. एका घराला मात्र होता.

गावात कातडं कमावणारं घर एकच. नवरा, बायको, त्याची म्हातारी आई आणि दोन मुली. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी त्यांची झोपडी, चुन्याचे खड्डे आणि एक लिंब. मेलेल्या जनावराचं कातडं तो चुन्यात घालून केस काढायचा, मग त्याची पिशवी शिवून तीत तरवडाची कुटलेली साल आणि पाणी भरून लिंबाला टांगायचा. दिवसभर तिच्यातून लाल पाणी ठिबकायचं. त्याशिवाय कातडं कातडं होत नाही, नुसतं कुजतं. विहिरीचं पाणी उपसायची मोट त्याच कातड्याची. सगळ्या गावाचे मळे त्याच्या मोटेवर भिजायचे.

तरवडाची साल त्याला कुणी विकत देत नव्हतं. दिवाळी झाली की त्याची बायको विळा घेऊन सगळ्यांच्या बांधानं फिरायची. फोक वीतभर ठेवून वरचे कापायची, दगडानं ठेचून साल ओढून काढायची आणि न्यायची. पुढच्या पावसात बुडख्याला पुन्हा फोक फुटायचे. त्या बदल्यात तो फाटक्या मोटेला ठिगळ लावून द्यायचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. असंच होतं. आणि त्याचं गावात राहणं सगळं त्या सालीवर होतं. साल आहे तर कातडं आहे, कातडं नाही तर ओढ्याकाठी बसून तो काय करणार?

नाका उठल्यावरच्या दिवाळीनंतर बार्शीचा एक व्यापारी बैलगाडी घेऊन आला. चावडीपुढच्या लिंबाला त्यानं काटा टांगला आणि दवंडी दिली, की तरवडाची वाळलेली साल आणा, रोख पैसे घेऊन जा. सोलापूरला, त्याच्याही पुढं मोठमोठे कातड्याचे कारखाने आहेत, त्यांना ती लागते असं तो म्हणाला. आधी जकात भरून नेणं त्याला परवडत नव्हतं, आता परवडत होतं.

गावाला वाटलं हा खुळा आहे. सासू म्हणाली, "बांधावरच्या काटक्याला पैसा देतोय, बायकू सोडून गेली असंल त्येची." पण दुसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, "धाकटे, विळा घे."

सालीचे पैसे बायकांचे झाले. हे मी मुद्दाम लिहिते. जोंधळ्याचा, करडीचा पैसा पुरुषांच्या कोपरीच्या खिशात जायचा आणि तिथून बाहेर यायचा नाही. बांधावरचा तरवड पुरुषांच्या हिशेबात कधी नव्हताच, त्यामुळं त्याचे पैसे मागायचं त्यांना सुचलं नाही. गावातल्या बायकांच्या हातात नाणं पहिल्यांदा आलं ते तरवडामुळं. मी त्यातून पातेलं घेतलं, बांगड्या भरल्या, माहेरच्या भाच्याला टोपडं घेतलं. कुणाला न विचारता घेतलं. ते सुख काय होतं हे आताच्या पोरींना सांगून कळायचं नाही.

साल काढायची कशी हे मला कातडेवाल्याच्या बायकोनंच दाखवलं. मी बांधावर बसून नखांनी सोलत होते. ती वाटेनं चालली होती, थांबली. वयानं ती माझ्यापेक्षा मोठी, तरी मी तिला अगं म्हणायची आणि ती मला वैनी.

"वैनी, कांदा सोलाया लागलाव का काय?" ती हसली. "आदी ठेचा, मंग एका बाजूनं वढा. हां. असं. कुठवर बसताव नखं मोडत."

तिनं चार फोक ठेचून दाखवले. साल सापाच्या कातीसारखी निघाली. मी सोललेली माझ्या ढिगात टाकली. तिनं काढलेलीसुद्धा मी माझ्याच ढिगात टाकली. ती बघत होती. तिला तेव्हा वाटलं असणार, की बांध एवढे आहेत, सगळ्यांना पुरेल.

तरवडाच्या सालीनं हात काळे होतात. आधी तांबडे, मग विळ्याच्या लोखंडाला लागून काळे. साबणानं जात नाहीत, राखेनं जात नाहीत. संक्रांतीला मी माहेरी गेले तर आईनं वाण द्यायला माझा हात हातात घेतला आणि सोडून दिला.

"हात कशानं झाले गं असले?"

"तरवडाची साल काढते."

शेजारची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "बरं केलंव. कुणब्याच्यात दिली म्हनून सांगितलं आमाला, आन दिली कातडं कमवाया."

बायका हसल्या. मीही हसले. संक्रांतीभर मी हात पदराखाली ठेवून बसले. ओवाळताना तेवढे काढायची. परत आले आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर ओढ्याकाठी जाऊन तिला विचारलं, की हे कसं घालवायचं? ती कुटत बसली होती. तिनं आपले हात माझ्या हातांशेजारी धरून बघितले. तिचे जन्माचे तसेच.

"चिचंच्या पान्यात बुडवा. समदं निघत न्हाई, पर जरा उतरतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "आमी कशाला घालवावं? आमाला कोन हात बगतंय."

पुढच्या वर्षी दिवाळी व्हायच्या आतच बायका बांधांवर होत्या. व्यापाऱ्याचा माणूस गावातच मुक्कामाला येऊन राहिला. कातडेवाल्याची बायको विळा घेऊन निघेपर्यंत बांध रिकामे झाले होते. तेव्हा तो स्वतः घरोघर फिरला. आमच्याकडंही आला. अंगणात, ओट्यापासून लांब उभा राहिला. सासू ओट्यावर लसूण निवडत होती, मी जात्याशी.

"आक्का, औंदा सालीचं कसं करायचं?" तो म्हणाला.

"कसं म्हंजी? बार्शीवाला देतोय त्यो भाव तू दे, आन ने."

त्याला ती चेष्टा वाटली. तो मोठ्यानं हसला. "मी भाव देतोय व्हय. माज्याकडं काय हाय? मोट घ्या एक."

"मोटंचं मोटंच्या येळंला बगू."

तो अजून हसतच होता. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, माझंही तोंड हसरं होतं, कारण तो हसत होता म्हणून मी हसत होते. मग सासूच्या तोंडाकडं बघितलं. ती लसणाची टरफलं फुंकत होती. तेव्हा त्याला कळलं. हसू तोंडावरून कसं उतरतं ते मी जवळून बघितलं. माझं मला लवकर उतरवता आलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "बुडखं तरी ठिवा. फुटंल पुन्हा."

हे त्यानं सांगायला पाहिजे होतं असं नाही. बुडखा ठेवला तर फुटतं हे गावातल्या पोराला माहीत होतं. पण व्यापाऱ्याचा माणूस बुडाकडच्या जाड सालीला जास्त पैसे देत होता. आणि त्या वर्षी पुरुषांचं लक्ष बांधाकडं गेलं. आमच्या मालकांनी कुदळ घेतली आणि बुडखे मुळासकट उपटले. सालीचे पैसे, मुळांचं जळण, आणि वर बांध सारखा करून दोन तासं, म्हणजे दोन ओळी, जोंधळा जास्त पेरता येईल. शेजाऱ्यानं केलं म्हणून यांनी केलं, यांनी केलं म्हणून पलीकडच्यानं. साल घेऊन गाड्या येडशी स्टेशनला जायच्या. तिथून छोट्या रेल्वेनं बार्शी. एकदा मी स्टेशनात आमच्या भाऱ्यांची रास बघितली. डब्याएवढी उंच होती. मला अभिमान वाटला होता. नंतर ते आठवलं की मी दुसरं काहीतरी काम काढते.

त्याच्या पुढच्या नवरात्रात माळेला फुलं मिळेनात. सासूनं मला तांबडं फुटताच पाठवलं. आमचा बांध, शेजारचा बांध, गायरान, सगळीकडं नुसती उकरलेली माती. रानात कारळाची फुलं होती, पण घटाची माळ तरवडाचीच असं सासूचं म्हणणं. शेवटी ओढ्याकाठी गेले. कातडेवाल्याच्या झोपडीमागं तीन झुडपं फुललेली होती. ती त्यानं जिवापाड जपून ठेवली होती, दुसऱ्या कुणाला तिथं जाऊन तोडायचं धाडस झालं नव्हतं. लिंबाला पिशवी टांगलेली नव्हती.

त्याची बायको दारात बसून पोरीची वेणी घालत होती.

"फुलं पाहिजेत," मी म्हटलं. "घटाला."

"घ्या की." ती उठली नाही. "का काट्यावर तोलून दिऊ?"

पोरगी खुदकन हसली. तिनं पोरीच्या डोक्यात टपली मारली आणि स्वतः उठून ओटीभर फुलं तोडून आणली, वरच्यावर माझ्या पदरात टाकली. पदराला हात लागू दिला नाही. पदर सावरून मी वाटेला लागले.

घरी सासूनं विचारलं, "कुठं घावली?"

"वढ्याकडंला."

खोटं नव्हतं. सासूनं माझ्याकडं एकदा बघितलं, फुलांवर पाणी शिंपडलं, आणखी एकदा शिंपडलं आणि माळ ओवायला घेतली. तिलाही ठाऊक होतं. देवीला माळ लागली.

त्याच आठवड्यात हस्ताचा पाऊस उभा राहिला. एरवी हस्ताच्या पावसावर आमची रब्बी. त्या वर्षी तो रात्रंदिवस लागला. सकाळी बघितलं तर आमचा वरचा बांध मधोमध फुटला होता आणि वीतभर माती वाहून गेली होती, खाली मुरूम पांढरा पडलेला. माती गेली कुठं? अर्धी ओढ्यात, अर्धी आमच्याच विहिरीत. वरच्या रानाचं पाणी थेट विहिरीत घुसलं होतं. गाळ काढता काढता दिवाळी गेली. दगड रचून बांध घातला, तो पुढच्या पावसात सरकला. आमचाच नाही, ज्यांनी ज्यांनी मुळं काढली त्यांचे सगळ्यांचे. चावडीवर पुरुष म्हणाले, पाऊसच तसला झाला. पाऊस पूर्वीही तसला व्हायचा. हे बायकांपैकी एकीनंही बोलून दाखवलं नाही, कारण सगळ्यांच्या घरात पातेली होती.

कातडेवाल्यानं एक वर्ष बाभळीच्या सालीवर काढलं. मग बाभळीही कोळशासाठी बार्शीला जायला लागल्या. उन्हाळ्यात आमचा एक बैल फऱ्या रोगानं मेला. रीतीप्रमाणं त्यानं तो ओढून नेला, आणि नवी मोट देतो म्हणाला. तिची आम्हाला गरज होती, जुनी तळातून गळत होती. मालक दोनदा विचारून आले. तिसऱ्यांदा तोच आला. खांद्यावर कातड्याची गुंडाळी. अंगणात टाकली. एका बाजूचे केस निघालेले, दुसऱ्या बाजूचे तसेच, आणि वास असा की आतलं वासरू ओरडायला लागलं.

"तुमचं तुमाला," तो म्हणाला. "माज्याकडनं मोट हुईत न्हाई."

मेल्या जनावराचं कातडं पुन्हा मालकाच्या दारात कुणी आणलेलं गावानं कधी बघितलं नव्हतं. सासू किंचाळली, "उचल ते. पैलं उचल." त्यानं उचललं नाही. शिवीही दिली नाही. वळला आणि गेला. मालकांनी ते काठीनं ओढत नेऊन उकिरड्यामागं पुरलं आणि आंघोळ केली. मी अंगण सारवलं. त्याच्या बायकोनं ठेचून काढलेली चार फोकांची साल मी माझ्या ढिगात टाकली होती, ते मला सारवताना आठवलं. मी सारवत राहिले.

त्या पंधरवड्यात ते घर सोलापूरला गेलं. आमची साल जिथं जात होती, त्यातल्याच एका कारखान्यात त्याला काम लागलं. लिंबाखाली चुन्याचे खड्डे तेवढे राहिले, त्यात गावच्या शेळ्या पडायच्या. मालकांनी बार्शीहून लोखंडी मोट आणली. बैलांना जड जायची, पण गळत नव्हती. गाडी नाक्यावरून आली. वासा कधीच चुलीत गेला होता. कुणी अडवलं नाही.

यानंतर बरीच वर्षं गेली. सासू वारली. गावात ऑइल इंजिनं यायला लागली आणि मालकांच्या मनात इंजिन भरलं. भाव काढायला सोलापूरला निघाले तेव्हा मी पण गेले, मला शहर बघायचं होतं. एसटीतून उतरल्यावर मालकांनी गाड्यावरची भजी घेतली. मी पेपराच्या कागदात खात उभी होते, तेवढ्यात समोरून एक बाई आली आणि थांबली.

"धाकट्या वैनी न्हवं?"

मी ओळखलं नाही. स्वच्छ पातळ, पायात चप्पल, हातात पिशवी. आवाजावरून ओळखलं. कातडेवाल्याची बायको.

तिनं आम्हाला सोडलं नाही. घर जवळच होतं. ओळीनं खोल्या, समोर नळ. खोलीत पत्र्याची पेटी, भिंतीला कॅलेंडर, खाट. मालक दारात घुटमळले, मग खाटेच्या अगदी कडेला टेकले. मी खाली बसले. ती सांगत होती. नवरा कामावर होता. थोरलीचं लग्न झालं, धाकटी सातवीत. म्हातारी इथं आल्यावर गेली.

मी गावापासून मनावर ओझं घेऊन आले होते असं नाही, पण ती भेटली तेव्हापासून मनात एकच चाललं होतं, की ही आता रडेल, गावाची आठवण काढेल, आणि मग मी काहीतरी म्हणेन. काय म्हणायचं तेही मी जुळवत होते. ती रडली नाही.

"बरं झालं आलो त्ये," ती म्हणाली. "तितं काय व्हतं वैनी? हितं नळाचं पानी हाय. पगार हाय. कुनी आंगनात हुबं करत न्हाई."

मालक म्हणाले, "आपल्याकडची साल येती का आता?"

"कुठली? आपल्याकडची सपली म्हनं. आता रेल्वेच्या वाघिनी भरून खालनं येती, कर्नाटकातनं, मद्रासकडनं." तिनं स्टोव्हला हवा भरता भरता विचारलं, "तुमचा बांध कसा हाय?"

"हाय की," मालक म्हणाले. "झ्याक."

ती हसली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. तिनं चहा केला, दोन कपबश्या पुसून त्यांत ओतला आणि एक मालकांपुढं, एक माझ्यापुढं ठेवला. चांगल्या कपबश्या होत्या, निळ्या काठाच्या. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असणार.

मालक कपाकडं बघत होते. मग म्हणाले, "आमचा उपास हाय आज. दोघांचा बी."

ती म्हणाली, "उपासाला चहा चालतोय की."

खरंच चालतो. गावात एकादशीला मालक चार वेळा चहा प्यायचे. तिनं माझ्याकडं बघितलं. भज्यांचा तेलकट कागद माझ्या मुठीत होता. टाकायला जागा न मिळाल्यानं तो मी चुरगळून तसाच धरला होता, आणि तो तिला दिसत होता. मी कप उचलला असता तर त्यात अवघड काही नव्हतं. हात पुढं करायचा होता. मी मालकांच्या तोंडाकडं बघितलं, जसं मी जन्मभर बघत आले, आणि मग जमिनीकडं.

चहावर साय धरली. मग तिनं माझ्यापुढचा कप घेतला, बशीत ओतला आणि प्यायली. तो संपल्यावर मालकांच्या पुढचा घेतला. तोही प्यायली, सावकाश, आमच्याकडं न बघता, घरात एकटीच असल्यासारखी. कपबश्या नळावर धुऊन आणून फळीवर पालथ्या घातल्या.

"या मंग," ती म्हणाली. वैनी म्हणाली नाही.

इंजिनाचा भाव काढायचा राहिला. स्टँडवर गाडीला वेळ होता. मालकांनी हॉटेलात दोन चहा सांगितले. पोऱ्यानं बादलीत बुचकळलेले ग्लास आणले. कोण कोण त्यातून पिऊन गेलं होतं, चहा करणारा कोण होता, विचारायचा प्रश्न नव्हता. मालक प्यायले. मला तहान लागली होती. मी पण प्यायले.